बिनसमुद्राचा किनारा

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. अजिंठा डोंगररांगांच्या पसरट पाठीवर वसलेल्या या जिल्ह्याला समुद्र नाही, पण तो दोन समुद्रांना पाणी पाठवतो. उत्तरेकडे वाहणारी काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. अडाणेचे आणि वाशीम शहराच्या परिसरातले पाणी मात्र पैनगंगेच्या खोऱ्यात उतरून वर्धा, प्राणहिता व गोदावरी या क्रमाने बंगालच्या उपसागरापर्यंत पोचते. अशा पाणलोटाच्या माथ्यावरील प्रदेशात नैसर्गिक सरोवरे सहसा नसतात, आणि वाशीममध्ये आज जे विस्तीर्ण पाणी दिसते ते जवळजवळ सर्व माणसाने अडवलेले आहे. हिवाळ्यात किनाऱ्याने हिंडून पक्षी पाहायचे ठरवले, तर येथील मित्रमंडळींना एकबुर्जी किंवा अडाण यांसारख्या धरणांचे काठच गाठावे लागतात. हे काठ खऱ्या किनाऱ्याची जागा घेऊ शकतात का, याविषयी पक्षीनिरीक्षकांत दोन मते आढळतात. त्यांतला मतभेद केवळ आवडीनिवडीचा नाही, त्यामागे परिसंस्थेचे, कायद्याचे आणि शेतीचेही प्रश्न आहेत.

ही दोन मते येथे दोन कल्पित वक्त्यांच्या मुखी घातली आहेत. पहिले वक्ते बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी असून त्यांच्या नोकरीचा मोठा काळ रत्नागिरी आणि ठाणे येथे गेला. दुसरे वाशीममधील शाळेत भूगोल शिकवतात. मित्रमंडळात त्यांना अनुक्रमे ‘साहेब’ आणि ‘सर’ म्हणतात, आणि तेही एकमेकांना तसेच संबोधतात. स्थळ एकबुर्जी जलाशयाचा काठ, काळ जानेवारीतील सकाळ. पाण्यावरची धुवारी उठेपर्यंत दुर्बिणीचा काही उपयोग होत नाही, त्यामुळे वादाला पुरेसा अवकाश मिळतो.

साहेबांचा पहिला आक्षेप चिखलाबद्दल आहे. ते म्हणतात, “सर, या पाण्यावर बदके उतरतात हे मान्य, पण म्हणून याला किनारा म्हणणे ही निव्वळ हौस झाली. समुद्राच्या काठी एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे दिवसातून बहुधा दोनदा पाणी मागे सरते आणि दोनदा मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलात कृमी, शिंपले, लहान खेकडे यांचे अन्न रोज नव्याने हाताशी येते. कुरलाची लांब, वाकडी चोच खोल बिळातला कृमी ओढून काढते, चिखल्याची आखूड चोच पृष्ठभागावरचे टिपते, कालवफोड्या शिंपल्याची जोडणी फोडतो. एकाच खाडीवर इतक्या पक्ष्यांचे पोट भरते ते या वाटणीमुळे. आता या धरणाच्या काठी बघा. दगड, बेशरमची झुडपे, मोटारपंपांचे पाइप आणि काठाला अडकलेले प्लास्टिक!”

“बेशरम आहे, पाइपही आहेत,” सर उत्तर देतात, “पण ओहोटी नाही हे म्हणणे बरोबर नाही, साहेब. इथली ओहोटी वर्षातून एकदाच येते आणि ती सात-आठ महिने चालते, एवढाच फरक. पावसाळा संपताना तलाव भरलेला असतो, त्यानंतर रब्बीची आवर्तने सुरू होतात, शहराचा पाणीपुरवठा चालूच असतो, ऊन वाढते, आणि पाणी हळूहळू मागे सरत जाते. बुडीत क्षेत्राचा उतार जिथे मंद असतो तिथे पाणी हातभर उतरले तरी काठाची ओली पट्टी बरीच रुंद होते. ही पट्टी रोज नव्या जागी असते, कालची वाळलेली आणि आजची ओली. टिलवे आणि तुतवार तिच्या मागोमाग सरकत जातात.”

सरांच्या उत्तरातील काही संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. ‘आवर्तन’ म्हणजे सिंचनासाठी कालव्यातून ठरावीक काळ सोडलेले पाणी. शेतकरी त्यालाच ‘पाळी’ म्हणतात. ‘बुडीत क्षेत्र’ म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाण्याखाली जाणारी जमीन. आणि ज्या उथळ पट्टीविषयी सर बोलत आहेत तिचे महत्त्व केवळ चिखलपक्ष्यांपुरते नाही. हिवाळी बदकांचे चरण्याच्या पद्धतीवरून दोन ढोबळ गट पडतात. तलवार बदक, थापट्या, चक्रांग आणि भुवई बदक ही पाण्याच्या वरच्या थरात चरतात, फार तर डोके खाली आणि शेपूट वर करून मान पोचेल तिथपर्यंतचे बी, शेवाळ व किडे खातात. लालसरीसारखी बदके पूर्ण बुडी मारून तळाशी जातात. पहिल्या गटाला गुडघ्याखालचे पाणी लागते. धरण काठोकाठ भरलेले असले तर पाण्याचा पसारा डोळ्यांत भरतो, पण या बदकांच्या दृष्टीने तो बराचसा निरुपयोगी असतो, आणि पाणी उतरू लागले की त्यांचे ताट वाढले जाते. भरलेले धरण पाहून हर्षभरित होणारे वर्तमानपत्रांचे बातमीदार आणि तलवार बदक यांचे या बाबतीत एकमत होणे कठीण.

चिखलपक्ष्यांच्या बाबतीत मात्र साहेबांची बाजू भक्कम आहे, आणि सरांनी वार्षिक ओहोटीचा कितीही अभिमान बाळगला तरी ती ढळत नाही. खाऱ्या चिखलात वाढणारे कृमी आणि शिंपले गोड्या पाण्याच्या काठी नसतात, आणि ज्या जाती त्यांच्यावरच जगतात त्या वाशीमला फिरकण्याचे कारण नाही. देशाच्या अंतर्भागात येणारे शेकाट्या, ठिपकेदार तुतवार, छोटे टिलवे, काळ्या शेपटीचे पाणटिवळे हे पक्षी गोड्या आणि खाऱ्या दोन्ही चिखलांत निभावून नेणारे आहेत. काठ आणि किनारा यांतली एक सीमा पक्ष्यांनी अशी आधीच आखून ठेवली आहे.

सर ही सीमा मान्य करतात, पण ती अभेद्य मानत नाहीत. त्यांच्या मते महाराष्ट्राची उदाहरणेच उलट साक्ष देतात. “साहेब, उजनीचे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. आज त्याच्या काठी भिगवणला माणसे काय पाहायला जातात? रोहित पक्षी. तपकिरी डोक्याचे कुरव, ज्यांना आपण समुद्रपक्षी म्हणतो, तेही तिथे हिवाळाभर पाण्यावर असतात, आणि एकेकाळी फक्त जाळी टाकणारे तिथले मच्छीमार आता पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात. नांदूरमध्यमेश्वर तर गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामुळे, गाळ साचून साचून तयार झालेले ठिकाण आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून निवड झाली ती त्याची. लोणार त्याच वर्षी नंतर आले आणि ठाण्याची खाडी २०२२ मध्ये. म्हणजे तुमच्या खाडीच्या आधी एक बंधारा त्या यादीत गेला!”

“गेला, पण तिथे आधीच अभयारण्य होते,” साहेब लगेच दाखवून देतात. “एकबुर्जीला कोणते कागद आहेत? रामसर करारावर १९७१ मध्ये इराणच्या रामसर शहरात सह्या झाल्या, भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. त्या करारात पाणथळ जागेची व्याख्या मोठी सैल आहे. नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायम असो वा हंगामी, गोडे असो वा खारे, सारे तीत बसते, आणि ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रही बसतो. त्या व्याख्येप्रमाणे ठाण्याची खाडी आणि हे धरण एकाच घरातली. पण आपल्या देशाचे २०१७ चे पाणथळ नियम वाचा. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी उभारलेल्या रचना त्यांतून वगळल्या आहेत. एकबुर्जी शहराला पाणी देते आणि सिंचनाचा प्रकल्पही आहे, म्हणजे ते दोन्ही दारांनी बाहेर पडते.”

साहेबांचे हे विधान नियमांच्या शब्दांना धरून आहे, आणि त्याचा परिणाम वाशीमसारख्या जिल्ह्यांवर किती खोल होतो हे सहसा लक्षात घेतले जात नाही. देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. पश्चिम विदर्भात तर हिवाळी पाणपक्ष्यांचा बहुतेक मुक्काम धरणांच्या आणि पाझर तलावांच्या काठीच असतो. हे सारे पाणी ‘बांधलेले’ या एका विशेषणाने पाणथळांच्या संरक्षणातून सुटते. लोणारसारखे उल्कापाताने झालेले सरोवर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला आले. वाशीमच्या वाट्याला सिमेंटचा सांडवा आणि मातीची भिंत आली. आफ्रिका, युरोप व आशिया यांच्या उत्तर-दक्षिण प्रवासमार्गांपैकी आर्क्टिक प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला आणि सुमारे तीस देशांवरून जाणारा जो मध्य आशियाई उड्डाणमार्ग मानला जातो, त्यावरून येणाऱ्या बदकाला खालचे पाणी उल्केने साठवले की जलसंपदा विभागाने, याची चौकशी करण्याचे प्रयोजन नसते.

मात्र साहेबांना कायद्याच्या या उणिवेचे दुःख सरांइतके वाटत नाही. त्यांच्या मते नियमांनी धरणे वगळली ती उगाच नव्हे. “समुद्राची भरती चंद्रावर चालते, आणि चंद्राकडे कोणी अर्ज करत नाही. इथली ओहोटी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. पाऊस कमी झाला की पिण्यासाठी आरक्षण वाढते, आवर्तन रद्द होते. पाऊस बरा झाला की टोकाचा शेतकरी पाळी मागतो. एक वर्ष जानेवारीत उथळ पट्टी इथे असेल, पुढच्या वर्षी त्या ठिकाणी दोन पुरुष पाणी असेल, आणि त्यापुढच्या वर्षी तिथे हरभरा उभा असेल. ज्याला पुढच्या हिवाळ्याची हमी नाही त्याला पक्ष्यांचा किनारा म्हणून जाहीर करायचे, म्हणजे शेतकऱ्याशी भांडण विकत घ्यायचे.”

येथे संवाद ज्या विषयाला येऊन भिडतो तो गाळपेरीचा आहे, आणि एकबुर्जीच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही धरणाच्या काठावरच्या पक्षीनिरीक्षणाचा विचार गाळपेर वगळून करता येत नाही. पाणी उतरल्यावर बुडीत क्षेत्रातली जी गाळयुक्त जमीन उघडी पडते ती शासन हंगामापुरती भाडेपट्ट्याने कसण्यास देते. धरणासाठी जमिनी गेलेल्यांना त्यात प्राधान्य असते. या जमिनीत ओल टिकून असते, खतावर खर्च कमी येतो. ज्याची वडिलोपार्जित काळी जमीन कायमची पाण्याखाली गेली, त्याला वर्षातले काही महिने तिचाच एखादा तुकडा परत मिळाल्यासारखे होते. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र हीच उथळ काठाची पट्टी असते. नांगर पाण्याच्या अगदी काठापर्यंत आला, की चिखल उरत नाही, आणि ढेकळांत टिलव्याला काही सापडत नाही.

सरांची भूमिका येथे अनपेक्षितपणे शेतकऱ्याच्या बाजूला झुकते. “साहेब, गाळपेर पक्ष्यांचा शत्रू आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. पट्टकदंबाचेच घ्या. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. त्याच्या अंगावर उपग्रहयंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात तो सात हजार मीटरपेक्षा उंचीवरून उडाल्याची नोंद आहे, आणि मंगोलियात गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेले हे हंस भारतात दिसले आहेत. हा पक्षी दिवसा पाण्यावर विसावतो आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत कशावर चरतो? गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर. पाण्याला लागून पीक असले तर त्याचे काम एकाच ठिकाणी होते.”

“त्याचे होते, पण शेतकऱ्याचे?” साहेब विचारतात. “ज्याने भाडे भरून हरभरा पेरला, त्याने हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्याला शेंडे खुडू द्यायचे? तो फटाके लावणार. आणि टिलव्याला तुमचा हरभरा खाता येत नाही, सर. एका हंसासाठी तुम्ही दहा चिखलपक्षी घालवता.”

या प्रश्नाला सरांकडे पुरते उत्तर नाही. त्यांचा प्रतिप्रस्ताव असा की गाळपेरीचे पट्टे देताना पाण्यालगतची काही पट्टी नांगराबाहेर ठेवावी, म्हणजे काठ मागे सरेल तशी ती पट्टीही मागे सरेल. कल्पना आकर्षक आहे. परंतु सरकता काठ मोजून त्याच्याबरोबर सरकणारी सीमा राखायची तर प्रत्येक पंधरवड्याला कोणीतरी काठावर उभे राहिले पाहिजे, आणि तलाठ्याच्या कामांची यादी आधीच लांबलचक आहे. हा प्रस्ताव नकाशावर जितका सोपा दिसतो तितका चिखलात नाही, असेच म्हणावे लागते.

वादाला थोडे वेगळे वळण वत्सगुल्माच्या उल्लेखाने मिळते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात झाल्याचे सांगितले आहे. सरांना यातून असे सुचवायचे असते की संस्कृत कवींचे लाडके चक्रवाक, क्रौंच आणि हंस हे बव्हंशी हिवाळी पाहुणे असून त्यांना वाशीमच्या आकाशात परके म्हणता येणार नाही. साहेब थंडपणे विचारतात की वाकाटकांच्या काळी एकबुर्जीचे धरण नव्हते, तर हे चक्रवाक उतरत कुठे होते. प्रश्न उपरोधाचा असला तरी तो निरर्थक नाही. पूर्वी हे पक्षी नद्यांच्या डोहांवर, वाळवंटांवर आणि गावतळ्यांवर पांगलेले असावेत असे मानण्यास जागा आहे. नद्या हिवाळ्यातच आटू लागल्या आणि पाणी धरणांत एकवटले, तसे पक्षीही तेथे एकवटले असतील. तसे असेल तर धरणाने नवा किनारा निर्माण केला या सरांच्या अभिमानाला थोडी मर्यादा पडते, कारण त्याच धरणाने खालच्या नदीचे काठ कोरडे केलेले असतात.

धुवारी विरळ होऊ लागते तसा संवाद मोजणीकडे वळतो. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, कारण पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या आणि शेवटचा सलीम अली यांच्या जन्माचा. परंतु पाणपक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद होते ती जानेवारीत, १९८७ पासून चालत आलेल्या आशियाई पाणपक्षी गणनेत, ज्यात स्वयंसेवक आपापल्या परिसरातील पाण्यावरचे पक्षी एकाच सुमारास मोजतात. अशा हौशी नोंदी किरकोळ समजण्याचे कारण नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल अशाच हजारो लोकांच्या नोंदींवर उभा आहे, आणि ज्यांच्या दीर्घकालीन स्थितीविषयी पुरेशी माहिती होती अशा ३३८ जातींपैकी सुमारे ६० टक्के जाती घटत असल्याचे त्यात दिसून आले.

सर या गणनेचे उत्साही पुरस्कर्ते आहेत, आणि साहेबांनी तिच्यावरही शंका घ्यावी याचे त्यांना आश्चर्य वाटते. साहेबांची शंका मात्र किनाऱ्यावरच्या अनुभवातून आलेली आहे. “खाडीवर पक्षी मोजायचे तर आधी भरतीचे कोष्टक पाहतात. भरती चढली की चिखलावर विखुरलेले पक्षी उरलेल्या कोरड्या जागी दाटीने गोळा होतात. ओहोटीला तेच मैलभर पसरतात. भरतीची वेळ न लिहिता आकडा दिला तर कोणी तो विचारात घेत नाही. इथे तुम्ही लिहिता, तारीख अमुक, तलवार बदके इतकी, थापटे इतके. पाणी किती होते? धरण किती टक्के भरले होते, आवर्तन सुरू होते की बंद, उथळ पट्टी नांगरलेली होती की मोकळी? सर, तुम्हीच म्हणालात की इथे वर्षाची ओहोटी आहे. मग तुमच्या तक्त्यात ओहोटीचा रकाना कुठे आहे?”

सरांना हा मुद्दा मान्य करावा लागतो, आणि या संवादात त्यांनी निर्विवाद मान्य केलेली ही पहिलीच गोष्ट असावी. धरणाच्या पाण्याची पातळी आणि साठ्याची टक्केवारी जलसंपदा विभाग नियमितपणे नोंदवतो. पक्षी मोजणाऱ्यांनी ती विचारायची तेवढी राहिलेली असते. धरणाच्या काठचा किनारा चंद्रावर चालत नसून कालव्यावर चालतो, हा साहेबांनी दोष म्हणून सांगितलेला गुण येथे उलट सोयीचा ठरतो, कारण या ओहोटीचे वेळापत्रक लेखी असते, आणि त्याची प्रत मागता येते.

“हरभऱ्याचे दुसरे पाणी जानेवारीतच पडते,” सर हिशेब मांडतात, “आणि गणनाही जानेवारीतच. बदके कमी दिसली तर ती मंगोलियातच कमी झाली, की त्याच आठवड्यात कालवा सुटल्यामुळे दुसऱ्या तलावावर गेली, हे सांगायला पातळीचा आकडा लागेलच. या वेळेपासून रकाना वाढवू.”

“आणि बदके मंगोलियातच कमी झाली असे निघाले तर?” साहेब दुर्बिणीची काच पुसत विचारतात.

“तर निदान टोकाच्या शेतकऱ्यावर ठेवलेला आरोप मागे घेता येईल.”

साहेबांच्या मते तो आरोप त्यांनी कधी केलेलाच नव्हता; गाळपेरीच्या नांगराविषयीचा आक्षेप मात्र ते कायम ठेवतात.